काजव्याचा डाव

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज सुयोगचा जिंकलेला डाव मी थांबवला.

जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. वाटण्याबिटण्याचं काही नाही. घरी आले, हातपाय धुतले, जेवले, बसले.

दुकानातल्या कार्डांच्या खेळाची फायनल होती. एका बाजूला सुयोग, समोर मुलुंडचा सम्यक. साकीनाक्याला नंदूदादाच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जिंकेल तो दुकानाकडून बंगळुरूला, देशाच्या स्पर्धेला जाणार. आणि बाबा आले होते! पत्ते म्हणजे जुगार म्हणणारे बाबा. इस्त्रीचा शर्ट घालून, दाराजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांनीच सुयोगला एक वर्ष दिलं होतं. बंगळुरू गाठलंस तर पुढचं बघू, नाहीतर गपचूप माझ्याबरोबर पंपाच्या वर्कशॉपात यायचं.

मी हेड जज. पण भाऊ खेळत असेल त्या टेबलावर मी निकाल द्यायचा नाही, हे मीच नंदूदादाला सुरुवातीला सांगून ठेवलंय. त्या टेबलाला जज गंधाली. नवीन आहे, कॉलेजात शिकते, मनापासून करते.

शेवटच्या डावात सुयोगने तिन्ही कार्डं जमवली. खऱ्या नावांनी त्यांना कोणी हाक मारत नाही, दुकानातली नावंच चालतात. काजवा – टेबलावर आला की समोरच्याचा एक पॉइंट खातो. त्याचा स्वतःचा जीव एकच. धुकं – सगळ्यांचा एकेक जीव कमी करतं. म्हणजे काजवा आला की त्याचा जीव शून्य, तो मेला. आणि घंटा – आपलं जे मरेल ते लगेच परत टेबलावर आणते. आणावंच लागतं, नको म्हणायची सोय नाही. काजवा येतो, चावतो, मरतो. घंटा. येतो, चावतो, मरतो. समोरचा संपेपर्यंत.

सम्यकने हात वर केला. ‘जज! हे खरंच असं चालतं का यार?’

गंधाली आली, तिन्ही कार्डं नीट वाचली. ‘हो. आल्यावरचं काम आधी, मग जीव मोजायचा. चालतं.’

सम्यक हसला, मान हलवली, हात पुढे केला. मागून टाळ्या, शिट्ट्या. बाबासुद्धा उभे राहिले. त्यांना खेळातलं काही कळत नाही, पण पोरं टाळ्या वाजवतायत म्हणून तेही वाजवायला लागले.

मी म्हटलं, ‘थांबा.’

कारण तो क्रम बदलला. बुधवारी खेळाच्या कंपनीकडून बदललेले नियम आले. मी त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे वाचून काढले. आता आधी जीव मोजायचा, मग आल्यावरचं काम. काजवा आला की चावायच्या आधीच मेला. घंटा त्याला परत आणणार, तो परत न चावताच मरणार. समोरच्याचा पॉइंट जाणार नाही आणि हे थांबणारही नाही. दोघांपैकी कोणालाच थांबवता येत नाही असं चक्र सुरू झालं की डाव बरोबरीत, पुन्हा खेळायचं.

हेड जजला चुकीचा निकाल दिसला तर तो बदलायचाच असतो, मग टेबल कोणाचंही असो. मी हे सगळं मोठ्याने, शांतपणे सांगितलं. आवाजही हलला नाही.

कोणीतरी मागून म्हणालं, ‘सख्खी बहीण आहे ना ही?’

सुयोगने माझ्याकडे पाहिलं. मग सम्यकला म्हणाला, ‘ती म्हणते म्हणजे तसंच असणार. चल, पिस.’

पुन्हा खेळले. सुयोगच्या डेकमधला या तीन कार्डांचा कॉम्बोच मेला होता. सुयोग हरला.

१० नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला गेले. दिवसभर औषधांच्या खोक्यातली घडीची पत्रकं तपासली – बारीक अक्षर, मात्रा, स्वल्पविराम. एकही चूक सुटली नाही. मॅडम म्हणाल्या, आज तुझा स्पीड झकास आहे.

घरी आले तर आई भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, ‘काय गो, तुझ्या भावाक तूच हरवलंस?’

‘मी नाही हरवलं. नियम बदललाय आई.’

‘माका काय तां कळणा नाय. काजवो कधी चावता काय?’

हे हसण्यासारखं होतं. एरवी मी हसले असते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काही नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाबांनी विषय काढला. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कबड्डी घेऊन बसले. आजोबा मिलच्या टीममध्ये होते, बाबाही आमच्या गल्लीच्या मंडळाकडून खेळलेत. त्यांना सगळं त्याच मापाने मोजता येतं.

‘त्या पोरीने निकाल दिला ना? पंचाने शिट्टी मारली की संपलं. शिट्टी परत तोंडात घेतात काय?’

‘मोठा पंच असतो ना बाबा. लहान पंच चुकला तर तो बदलतो.’

‘चुकली होती ती?’

‘हो.’

‘नक्की?’

‘हो बाबा. मी वाचलंय.’

आमच्या घरात ‘मी वाचलंय’ म्हटलं की विषय संपतो. वीजबिल असो, सोसायटीची नोटीस असो, आईच्या गोळ्यांचं पाकीट असो – अक्षताने वाचलंय ना, मग झालं.

हे कधी सुरू झालं ते मला पक्कं माहीत आहे. माझ्या अकरावीच्या ॲडमिशनला खिडकीतल्या क्लार्कने बाबांना दोनदा परत पाठवलं होतं. फीच्या सवलतीची मुदत संपली म्हणे. बाबा दोन्ही वेळा ‘बरं साहेब’ म्हणून मागे फिरले. तिसऱ्यांदा मी बरोबर गेले. फलकावरची सूचना उभ्या उभ्या वाचली. मुदत पंधरा दिवसांनी वाढवली होती. मी खिडकीत जाऊन तेवढंच वाचून दाखवलं. क्लार्कने एक शब्द न बोलता फॉर्म घेतला. आपल्याकडे ओळख नाही, वशिला नाही, पण नियम आहे – आणि नियमाला आपलं आडनाव काय, घर कुठे, बाप काय करतो, हे माहीत नसतं. तेव्हापासून मी हे मानत आले. आजही मानते.

फक्त मानल्यावर आधी जे काहीतरी आत हलायचं, ते आता हलत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गंधालीचा फोन. रडत होती.

‘ताई, मी सोडते हे. सगळ्यांसमोर किती चुकले! मी आपलं जुनंच धरून बसले होते.’

‘अगं, होतं असं. माझ्याही पहिल्या वर्षी झालं होतं.’

‘पण फायनलला? तुम्ही होतात म्हणून. नाहीतर सम्यकवर केवढा अन्याय झाला असता.’

‘सोडू नकोस. तू कार्डं वाचून निकाल दिलास, तोंडाला येईल तो नाही दिलास. जज अशीच होते.’

‘तुम्ही नवीन कधी वाचलंत?’

‘आलं त्याच दिवशी.’

‘बाप रे. मानलं तुम्हाला.’

फोन ठेवला. तिला चांगलं बोलले, असं वाटतं. आवाज माझाच होता, पण दुसरं कोणीतरी बोलतंय आणि मी बाजूला उभी राहून ऐकतेय असं झालं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सुयोग डेक घेऊन जमिनीवर बसला. मला वाटलं फाडतोय की काय. पण तो प्लास्टिकच्या पाकिटांतून एकेक कार्ड काढून डब्यात लावत होता. आई कपडे वाळत घालायला बाहेर गेली होती. आम्ही दोघंच. रविवारनंतर पहिल्यांदाच.

‘तुला माझा राग आला असेल,’ मी म्हटलं.

‘नाही गं.’

‘खरं सांग.’

‘खरंच नाही. राग यायला तू काहीतरी चुकीचं केलेलं असायला पाहिजे ना. ते कुठे केलंस? मला हे वाचायला कोणी शिकवलं – तूच ना? इंग्लिशमधलं अख्खं पान बघून माझं डोकं गरगरायचं. तू पेन्सिलने खुणा करून द्यायचीस. आता तुझ्याशीच भांडू?’

मग म्हणाला, ‘एकदा दाखव मला. बदललं म्हणजे नेमकं काय झालं? मी त्या दिवशी कान बंद केले होते.’

मी धुकं ठेवलं, घंटा ठेवली. काजवा ठेवला. ‘बघ. आला. आधी जीव मोजायचा – शून्य. गेला. चावायचं काम रांगेत उभं राहायच्या आधीच हा गेला. घंटा. आला. शून्य. गेला.’

मी काजवा ठेवत होते, उचलत होते. ठेवत होते, उचलत होते. सुयोग बघत होता.

‘बस कर,’ तो म्हणाला. हसला. ‘च्यायला, वाट लागली याची. येतो काय, जातो काय. बिचारा एकदाही चावला नाही.’

‘नवीन डेक बांध. मी मदत करते. पुढच्या वर्षी –’

‘पुढच्या वर्षी नाही गं ताई. बाबांना शब्द दिलाय. सोमवारपासून वर्कशॉप.’

‘बाबांशी मी बोलते.’

‘नको. ते काही बोललेच नाहीत. मीच सांगितलं त्यांना.’ त्याने डब्याचं झाकण लावलं. ‘तुला सांगू, टाळ्या वाजत होत्या ना, तेव्हा बाबांकडे बघितलं मी. अकरावीला नापास झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. परत त्या गाळ्यात जायला नको वाटतं. बाकी काही नाही.’

डबा त्याने कपाटावर, मागच्या बाजूला ढकलला.

मी भाजी चिरायला घेतली. बोट कापलं. रक्त दिसलं तेव्हा कळलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुकानात ड्युटी होती. न जायचं कारण सुचलं नाही म्हणून गेले.

नंदूदादाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ‘सख्ख्या भावाच्या विरुद्ध निकाल! अख्ख्या मुंबईत दाखव असा जज.’ दोन-तीन पोरं लांबूनच बघत होती. त्यातला एक मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, ‘हिच्या घरी जेवायला बसलं तरी टायमर लावत असतील.’ बाकीचे हसले. विनोद वाईट नव्हता.

सम्यक मुद्दाम भेटायला थांबला होता. त्याच्या आईने दिलेला चिवडा होता डब्यात. तो माझ्यापुढे धरला.

‘मला नीट झोप नाही लागत यार,’ म्हणाला. ‘मी हात पुढे केला होता. मनाने हरलो होतो मी. सुयोगचा डाव भारी होता.’

‘नियमाने तू हरला नव्हतास.’

‘ते आहेच. तू सांगितलंस म्हणजे आहेच. मी घरी जाऊन बघितलं पण, खरंच बदललाय क्रम. मीच आधी वाचायला हवं होतं.’ मग म्हणाला, ‘सुयोग येत का नाही? बंगळुरूच्या आधी त्याच्याबरोबर प्रॅक्टिस करायची होती. त्याच्याइतका कोणी खेळत नाही इथे. शनिवारी सकाळची गाडी आहे माझी.’

‘तो कामाला लागतोय.’

‘अच्छा,’ सम्यक म्हणाला. डबा माझ्यापुढे तसाच धरलेला. मी चिमूटभर चिवडा घेतला. खाल्ला. तिखट असावा, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

येताना चालत आले. एक प्रश्न डोक्यात घेऊन चालत होते. त्या टेबलावर दुसरं कोणी असतं, माझ्या रक्ताचं नसलेलं, तर मी इतक्या झटकन थांबवलं असतं का? आधी गंधालीला बाजूला घेतलं असतं. नंदूदादाला विचारलं असतं. दोन मिनिटं मागून घेऊन, नियमांचं पान उघडून पुन्हा पाहिलं असतं. हेड जजला तेवढा वेळ घेता येतो. पण टाळ्या वाजत होत्या, बाबा वाजवत होते, आणि मला वाटलं – एक क्षण जरी जास्त गप्प बसले तर लोक म्हणतील, भावासाठी गप्प बसली.

म्हणजे मी घाई केली ती न्यायासाठी केली की माझ्यासाठी?

निकाल तर बरोबरच होता. मग हा प्रश्न कशाला? असू दे. लिहून टाकला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुयोग आणि बाबा सकाळी बरोबर निघाले. दोघांची चाल एकसारखी आहे. हे मला माहीत नव्हतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सुयोगच्या नखांत काळं ग्रीस. साबणाने जात नाही, बाबांनी त्याला रॉकेल आणि लाकडाचा भुसा कसा चोळायचा ते दाखवलं. आई खूश आहे. ‘झिल कामाक लागलो, देवान ऐकला.’ शेजारच्या शकुकाकूंना सांगून झालं.

बाबा जेवताना म्हणाले, ‘हात चांगला आहे त्याचा. बेअरिंग एका दिवसात बसवायला शिकला.’

सुयोग मान खाली घालून जेवत होता. बाबा हे कौतुकाने म्हणाले. तरी बोलून झाल्यावर ते त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं. जणू मी अजून काहीतरी वाचून दाखवेन. मी त्यांना आमटी वाढली.

पूर्वी या वेळी सुयोग डेक पसरून बसायचा आणि मला विचारून विचारून हैराण करायचा. ‘ताई, हे आधी की ते आधी? ताई, दोन्ही एकदम झालं तर?’ मी म्हणायचे, एकदम असं काही नसतं रे, काहीतरी आधी होतंच. आज त्याने विचारलं, ‘मीठ दे.’

२० नोव्हेंबर, गुरुवार

उद्या कार्डांचा नवीन सेट येतोय. नंदूदादाने सकाळी अकराला बोलावलंय – खोकी उघडायची, पोरांना बदललेले नियम समजावून सांगायचे. रजा टाकली. मॅडम म्हणाल्या, लग्नाचं बघायला येतायत का? हो म्हटलं. समजावत बसण्यापेक्षा सोपं.

सुयोगला विचारलं, येतोस का, नुसता बघायला? म्हणाला, उद्या मोठ्या सोसायटीचा पंप उघडायचाय. दुपारपर्यंत वर्कशॉपातच.

मी बरं म्हटलं. ते म्हणताना वाईट वाटायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सेट आला. नंदूदादा कटरने पट्ट्या कापता कापता ओरडला, ‘ऐका रे सगळे! नवीन क्रम आजपासून लागू. आधी जीव मोजायचा, मग काम!’

मी म्हटलं, ‘आजपासून नाही दादा. पाच तारखेला आला ना.’

‘आला पाचला. लागू आज. नियम सेटबरोबरच लागू होतात गं, कायमचं आहे ते. नेहमी त्याच दिवशी येतात म्हणून लागू व्हायची तारीख कोणी बघत नाही. या वेळी वाचायला वेळ मिळावा म्हणून आधी टाकले.’ बोलला, आणि पुढचं खोकं ओढलं. त्याच्या अजून डोक्यात आलं नव्हतं.

नऊ तारखेला जुनाच नियम चालू होता. गंधालीचं बरोबर होतं.

तिथल्या तिथे नंदूदादाला आणि खोकी उघडायला आलेल्या गंधालीला सांगितलं. नंदूदादा खोक्यावरच बसला. मग सम्यकला फोन लावायला उठला, त्याची गाडी उद्या सकाळीच. मी जिना उतरले ती सरळ इकडे आले.

वर्कशॉपसमोरच्या कट्ट्यावर बसून लिहितेय. पहिली ओळ तीनदा खोडली. आत्ताच सुयोगने शटरखालून वाकून बाहेर बघितलं. मला बघून हसला, आत वळून ओरडला, ‘बाबा, हात धुवा, ताईने डबा आणलाय!’